बाबांच्या पायाखालचा खडक

मी पुण्यात अकरा वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर होते. भुताखेतांच्या बातम्या केराच्या टोपलीत टाकण्याचं काम माझंच असायचं. आजही माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही... म्हणून जे पाहिलं, ऐकलं, तेवढंच लिहिते आहे.

ठिकाण — आयर्लंड, लेटरकेनीपासून अर्ध्या तासावरचं नॅशनल पार्क. एप्रिलमधला रविवार, दुपारी दीडची वेळ. गाडीतल्या डिस्प्लेवर तापमान नऊ डिग्री. आम्ही चौघं होतो: मी, माझा नवरा निखिल — तो इथे डॉक्टर आहे — नऊ वर्षांची आमची रेवा आणि कराडहून तीन महिन्यांसाठी आलेले माझे सासरे.

तळ्याकाठी सतरंजी अंथरली. बाबांना मांडी घालता येत नाही, म्हणून त्यांची फोल्डिंग खुर्ची शेजारच्या सपाट खडकावर लावली. बसल्याबरोबर त्यांनी बूट-मोजे काढले.

"बाबा, राहू द्या ना पायात. किती गारठा आहे!"

"जेवताना पायात काय बी नको, सूनबाई." हे रोजचंच होतं.

चार घास झाले असतील. "निखिल, खडक तापलाय रं."

रेवाचा शाळेत ज्वालामुखीवर प्रोजेक्ट चालू होता. ती खिदळली. "आजोबा, इट यूज्ड टू बी मेल्टेड! बट इट्स डेड एजेस. यू आर ग्रँड." म्हणजे, काही होत नाही तुम्हाला.

"डेड न्हाई बाळ, चांगला जित्ता हाय."

मी वाकून त्यांच्या पावलाशेजारी हात टेकवला. खडक ओला होता, थंडगार.

"बाबा, ती न्यूरोपथी आहे," निखिल म्हणाला. "शुगरमुळे नसा बिघडतात, पाय जळजळतात. खाली खरं काही नसतं."

"जळजळ मला म्हाईत हाय, धा वर्सं झाली. ह्ये येगळं हाय."

"वेगळं काही नाही. आता उठबस करू नका, घसराल. शांत जेवा बघू."

बाबा माझ्याकडे बघून हसले. "डॉक्टर म्हणतोय म्हंजे नसंलच."

त्यानंतर ते अर्धा तास तसेच बसून होते. पाय त्याच जागी. नंतर स्वतःच बूट-मोजे चढवून गाडीपर्यंत हळूहळू चालत आले.

घरी पोचल्यावर मी त्यांचे मोजे काढले. मोज्यांबरोबर तळव्यांची कातडी निघाली.

भाजल्याच्या जखमा, असं निदान झालं. हॉस्पिटलमध्ये मला तीनदा विचारलं — उकळतं पाणी? हीटर? गरम पाण्याची पिशवी? तिन्ही वेळा मी नाही म्हणाले. जखमा भरल्या नाहीत. पाचव्या आठवड्यात उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नवव्या आठवड्यात बाबा गेले.

त्याआधी निखिलनं त्यांना एकदाच विचारलं. मी तिथेच होते. "एवढं भाजत होतं, तर पाय उचलले का नाहीत, बाबा?"

"तू न्हाई म्हणालास न्हवं." आवाजात राग अजिबात नव्हता.

मी त्या जागी दोनदा जाऊन आले. किचनमधला थर्मामीटर खडकाला टेकवून पाहिला — एकदा सात, एकदा आठ डिग्री. पार्कच्या एका कर्मचाऱ्यानं माझं बोलणं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी खांदे उडवले. मी बाबांच्या पायाचे फोटो पुन्हा पुन्हा बघते.

अजून एक नोंद राहिली. पिठल्याचा डबा साधा स्टीलचा होता, सकाळी सातला भरलेला. पहिल्यांदा वाढलं तेव्हा पिठलं गार होतं. मग मी झाकण लावून डबा खडकावर, बाबांच्या पायाशी ठेवला. दुसऱ्यांदा वाढायला उघडला, तेव्हा आतून वाफ आली.

"वा! मस्त गरम आहे अजून," असं म्हणून निखिलनं ते मागून घेतलं होतं.

त्याला ते आठवत नाही. मी आठवण करून देत नाही.