आपांसाठी गाळलेली पानं

हमीदा आपा गेल्या त्याला आता दोन महिने होतील. मंगळवार होता, दुपारचे तीन वाजायला आले होते आणि मी नेहमीसारखी पिशवीत पुस्तक टाकून पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते. तेवढ्यात त्यांच्या सुनेचा, नसरीनचा फोन आला. “आंटी, आज मत आओ,” एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. अर्थातच मी गेले. छावणीतल्या त्यांच्या गल्लीत दाराबाहेर चपलाच चपला पडल्या होत्या. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, असं कुणीतरी सांगितलं. आत बायका बसल्या होत्या. त्यांच्यात सरकून बसले, पण हातातल्या पिशवीचं काय करावं ते मला कळेना. मयतीच्या घरी कादंबरी घेऊन आलेली मी एकटीच असेन. शेवटी ती पिशवी पदराखाली दडवली आणि तशीच बसून राहिले.

तुमचं त्यांचं नातं काय, असं त्या दिवशी दोघीतिघींनी विचारलं. काय सांगणार? मी त्यांना कादंबऱ्या वाचून दाखवायचे. सहा वर्षं, आठवड्यातून दोन दुपारी. आणि त्या सहा वर्षांत मी त्यांना कितीतरी पानं गाळून वाचली. हे आत्ताच सांगून टाकते, कारण लिहायला बसले ते त्याचसाठी. आपांना ते कळलं होतं का? कळलं असेल तर त्यांनी मला काय समजलं असेल? हा प्रश्न मला कित्येक दिवस स्वस्थ बसू देत नव्हता. भाजी निवडता निवडता मी उठायचे, गॅलरीत जायचे, परत यायचे. टीव्ही लावायचे, बंद करायचे. घरातले म्हणायचे, डॉक्टरला दाखव. डॉक्टर यावर काय देणार...

आपांचं छावणीच्या बाजारात बायकांचे कपडे शिवायचं छोटं दुकान होतं. नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा त्यांनी मशीनवर वाढवला. मी कोषागारातून निवृत्त झाले त्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी टाकलेला ब्लाउज आणायला त्यांच्याकडे गेले. हुक लावायचे राहिलेत, बसा म्हणाल्या. मी बसले आणि वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडलं. वेळ गेला तसा मला त्यांचा विसर पडला. जरा वेळानं त्यांनी विचारलं, “काय वाचायलेत ताई एवढं डोकं घालून?” मी म्हटलं, गोष्ट आहे, जुन्या काळातली. “मग मोठ्यानं वाचा की. माझे हात गुंतलेत, कान रिकामेच हायेत.” मशीनवर एक उर्दू मासिक पालथं पडलेलं होतं. ते मी पाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं की ह्या बाईला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. विचारलं नाही. सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. नोकरीत असताना लोकांचे अर्ज कागदपत्रं पाहिल्याशिवाय पुढं न सरकवणारी मी.

त्या पहिल्याच कादंबरीनं आम्हाला बांधून टाकलं. एका किल्लेदाराची मुलगी, मोहिमेवर गेलेला तिचा स्वार, त्याच्या मागं तिनं धरलेला धीर, तिची देवावरची श्रद्धा, आणि शेवटी सगळं निस्तरून लागलेलं लग्न. ज्याला हल्ली प्रेरणादायी म्हणतात तसलं. वाङ्मय म्हणून त्यात फार काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण आपा तुरपाई करता करता मध्येच सुई थांबवायच्या आणि म्हणायच्या, “सब्र करावं तर असं. ही पोरगी लई पुढं जाईल.” असल्या पुस्तकांना त्यांनी नाव ठेवलं होतं घोड्यावाली. दुसरी जात चहावाली. म्हणजे छोट्या गावातल्या खुनाच्या कादंबऱ्या, ज्यात रक्त कुठं सांडत नाही, पोलीस गोंधळलेला असतो आणि एखादी निवृत्त पोस्टमास्तरीण घरोघर चहा पीत खुनी शोधून काढते. “खून कमी, चहा जास्त,” असं त्या हसत म्हणायच्या. दोन्ही जातींचं त्यांना व्यसन लागलं, आणि मला त्यांच्या ऐकण्याचं. पुढं काचबिंदूनं त्यांची नजर गेली, दुकान बंद झालं, पण आमचं वाचन चालूच राहिलं. दुकानाऐवजी घरातल्या मधल्या खोलीत, एवढाच फरक. त्या तख्तावर भिंतीला टेकून बसायच्या आणि मी समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर.

आता त्या पानांचं. किल्लेदाराच्या मुलीची गोष्ट पाचव्या प्रकरणात आली आणि शत्रूची फौज किल्ल्याखाली उतरली. इथवर ठीक होतं. पुढं लेखकाची लेखणी जी सुटली ती दीड पान थांबली नाही. त्या फौजेतल्या माणसांचा धर्म, त्यांचं खाणं, त्यांच्या घरातल्या बायका, कशाला म्हणून सोडलं नव्हतं. ही कादंबरी मी शाळेत असताना दोनदा वाचली होती आणि ते दीड पान मला तेव्हा दिसलंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी डोळे दोन ओळी पुढं गेले आणि मी वाचायची थांबले. समोर आपा कुणाच्या तरी पोरीच्या फ्रॉकला झालर लावत होत्या. मी पान उलटलं आणि स्वतःच्या मनानं वाचलं, “आणि मग सकाळ झाली.” आपा म्हणाल्या, “लवकर झाली.” मी हसले आणि वाचत गेले.

त्यानंतर मी हुशार झाले. घोड्यावालं पुस्तक आणलं की आधी घरी बसून वाचायचे आणि कुठून कुठं उडी मारायची ते पेन्सिलीनं समासात बारीक टिंब देऊन ठेवायचे; पहिलं टिंब त्या दीड पानालाच दिलं. वाचनालयातल्या बाईंनी एकदा मला त्यावरून सगळ्यांसमोर झापलंही. कुठं शब्द बदलायचे, कुठं नुसतं शत्रू म्हणायचं, ते अंगवळणी पडलं. एकदा मात्र फजिती झाली. एका पुस्तकात एक सरदार इतका घाणेरडा रंगवला होता की मी त्याला मुळातून काढून टाकला. चांगली दहा प्रकरणं तो नसतानाही गोष्ट सुरळीत चालली. पण शेवटाकडं त्यानंच येऊन नायकाच्या पाठीत कट्यार खुपसायची होती, त्याला मी काय करणार? नाइलाजानं आणला. आपा दचकल्या. “हा कोण वं आता?” “नवीन आलाय,” मी म्हटलं. “आल्या आल्या मारलं? लई घाईत दिसतोय.” मी खोकल्याचं निमित्त करून तोंड लपवलं. त्याही गालात हसत होत्या, असं मला आता वाटतं. तेव्हा मी माझ्याच हुशारीवर खूश होते.

आणखी एक दुपार मला छळते. एक चहावालं पुस्तक संपलं होतं, खुनी गावातला औषधवाला निघाला होता आणि आपांनी तो दुसऱ्याच दिवशी ओळखून ठेवला होता, त्यामुळं स्वारी खुशीत होती. बडीशेप चघळत म्हणाल्या, “मला ही चहावाली लई आवडतात. कशामुळं सांगू? यात वाईट माणूस एकच राहतो ताई. सगळं गाव वाईट निघत नाय.” मी नुसतं व्हय म्हटलं आणि पिशवी आवरायला लागले. नसरीन दारात उभी होती, तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. त्या वेळी थांबून विचारायला हवं होतं की आपा, हे तुम्ही मला सांगताय का? नाही विचारलं. रिक्षा मिळणार नाही म्हणून निघाले. पुढच्या शुक्रवारी त्यांनीच सांगून घोड्यावालं पुस्तक आणायला लावलं आणि मी पुन्हा पेन्सिल घेऊन बसले.

चाळिसाव्याला नसरीननं आठवणीनं बोलावलं. जेवणं झाली, पाहुणे पांगले, मग ती आपांची पेटी दाखवायला मला मधल्या खोलीत घेऊन गेली. पेटीत कात्र्या, दोऱ्याची रिळं, एक जुनं मनगटी घड्याळ आणि पिशोरच्या, त्यांच्या माहेरगावच्या शाळेचा सातवीचा दाखला होता. मराठी शाळेचा. मी तो हातात घेऊन बघतच राहिले. नसरीन सहज बोलत होती. “अम्मींचं सगळं शिक्षण मराठीतच झालेलं, आंटी. डोळे होते तोपर्यंत माझ्या पोरीचा मराठीचा अभ्यास त्याच घ्यायच्या. उर्दू तर त्या लग्नानंतर शिकल्या, इथं येऊन.” मी विचारलं, मग त्या गोष्टी, त्या जुन्या काळातल्या? “वो तो सब उन्होंने शादीके पहलेच पढ रखी थी. पिशोरच्या वाचनालयात मुलींसाठी एक कपाट होतं म्हणे. किल्लेदाराची पोरगी तर त्यांना जवळजवळ पाठ होती.”

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला रागच आला. त्यांना माहीत होतं! सहा वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून, जी पानं तिला पाठ होती ती मी कशी गाळते ते ऐकत राहिली. एकदा म्हणायचं ना, ताई, वाचा जे आहे ते. पण मग दुसरं काहीतरी वर आलं आणि ते मला अजून खाली बसवता आलेलं नाही. मी कुणाला वाचवत होते? ते दीड पान आपांनी केव्हाच वाचलं होतं, पोरवयात, एकटीनं. त्यांना जे लागायचं ते तेव्हाच लागून गेलं होतं. मला नको होतं ते एवढंच की ते शब्द त्यांच्यासमोर माझ्या तोंडून यावेत. मी स्वतःला वाचवत होते आणि त्याला त्यांची काळजी म्हणत होते. हे कळल्यावर दोन आठवडे मी घरात नुसती फिरत होते. एक मन म्हणायचं, त्यांनी मला भित्री समजलं असेल. दुसरं म्हणायचं, नाही, त्यांनी मला सांभाळून घेतलं. मेलेल्या माणसाला विचारता येत नाही, ही किती साधी गोष्ट आहे, आणि ती मला पचत नव्हती.

शेवटी गेल्या मंगळवारी वाचनालयात गेले, किल्लेदाराच्या मुलीचं ते पुस्तक काढलं आणि तीन वाजता छावणीत हजर झाले. नसरीन मधल्या खोलीत तांदूळ निवडत होती. मी चपला काढल्या आणि बसायच्या आधीच विचारलं, “अम्मी माझ्याबद्दल कधी काही बोलल्या? मी पानं गाळायचे त्याबद्दल?” तिनं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, “बोलायच्या ना. म्हणायच्या, सुनंदाताई पान गाळतात तेव्हा लई गोड वाचतात.”

मी खाली बसले. कुठं बसतेय ते पाहिलंच नाही, तख्तावरच बसले. हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, ते तिच्यापासून लपवावं असंही वाटेना. तिनं विचारलं, “असं काय होतं त्या पानात?” मी पुस्तक उघडलं. टिंब तसंच होतं, पुसट झालेलं. मी वाचायला लागले. चार ओळी वाचल्या, पाचवीला पहिला घाणेरडा शब्द आला आणि मी थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच थांबले. नसरीननं तांदळाचे हात ओढणीला पुसले, माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि स्वतः वाचायला लागली. तिचं शिक्षण उर्दू शाळेतलं, मराठी विषयापुरतं. अक्षराला अक्षर जोडत, बोट ओळीखाली धरून ती वाचत होती. प्रत्येक शब्दाला थांबत होती, त्यामुळं प्रत्येक शब्द मला नीट ऐकावा लागत होता. मध्ये मी म्हटलं, “राहू दे नसरीन.” “थांबा आंटी,” ती म्हणाली, “आता संपेल.” दीड पान वाचायला तिला बराच वेळ लागला. संपल्यावर तिनं मान वर केली आणि विचारलं, “इतकंच?”

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. तिनं पान उलटलं, पुढच्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचत राहिली. मी आपांच्या जागेवर, भिंतीला पाठ लावून, ऐकत होते. तिनं काहीही गाळलं नाही.