बेडकांच्या गल्लीत पाठमोरी देल्मा

आमच्या कास्तेल्व्हारा गावात कमानीच्या वर राहतात ते कोंबडे आणि कमानीखाली, नदीकडे राहतात ते बेडूक. इथे माणसाचं नाव नंतर विचारतात, आधी गळ्यातला रुमाल लाल आहे की हिरवा ते पाहतात. देल्मा तोर्ची कट्टर लाल, म्हणजे कोंबड्यांची. पाहुण्यांना पायी हिंडवून जुनं गाव दाखवणं हा तिचा धंदा, आणि तिच्या मागे मागे हिंडणं हा माझ्यासारख्या निवृत्त नटाचा फुकटचा खेळ. काय आवाज लावायची! मी ज्या नायिकांबरोबर कामं केली त्या सगळ्या तिच्यापुढे कुजबुजत होत्या असं वाटे. छत्री उंचावून ती सांगायची, "हे आमचं चर्च. ही आमची विहीर. कमानीखाली ओल, डास आणि घटस्फोट. जेवायला चला."

पाहुणे हसायचे आणि अर्धं गाव न पाहताच जेवायला जायचे.

याला कारण एक गाढव. आमच्या तरुणपणी गाढवांच्या शर्यतीआधी बेडकांनी आमच्या गाढवाला दारूत भिजवलेला कोंडा चारला. ऐन चौकात, बिशपसाहेब पाहत असताना, ते खाली बसलं आणि झोपलं. पाठीवर देल्माचा भाऊ होता. गाव अजून हसतंय. देल्माने तेव्हाच गावच्या संताच्या मूर्तीपुढे शपथ घेतली, की बेडकांच्या गल्लीकडे तोंड करून मी एक पाऊल टाकणार नाही. संताला यातलं काही विचारलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात बेल्जियमहून आलेल्या गटात एव्हारिस्त नावाचे एक म्हातारे होते. चर्च, विहीर, सगळं त्यांनी निमूट पाहिलं आणि कमानीपाशी हळूच विचारलं, तीन तोंडांचं कारंजं कुठे आहे? त्यांची आई लिबेराता त्याच्यासमोरच्या घरात जन्मली होती. नवऱ्यामागून बेल्जियममधल्या कोळशाच्या खाणीकडे गेली ती परत आलीच नाही, पण मरेपर्यंत त्या पाण्याची चव सांगत राहिली. बस थोड्याच वेळात सुटणार होती. गुडघ्यांवर हात ठेवून ते म्हणाले, पुन्हा येणं काही होणार नाही.

कारंजं कमानीखाली.

मी नेतो, असं मी म्हटलं. देल्मा म्हणाली, "तू? तू विंगेतून स्टेजवर येताना वाट चुकायचास." मग तिने छत्री खाली केली. हे तिच्या भूमिकेत बसत नव्हतं. शेवटी तिने कमानीकडे पाठ केली, तोंड गटाकडे, छत्री वर, आणि उलटी चालू लागली. वाटाडे बोलताना चालतातच तसे. तोंड आपल्या वस्तीकडे, शपथ शाबूत.

एका हाताने भिंत चाचपत ती उतरणीच्या पायऱ्या उतरू लागली. खिडक्या उघडल्या. कारंज्याशेजारच्या खाटकाच्या दुकानाच्या दारात निवेस होती, शाळेत देल्माच्याच वर्गातली. ती म्हणाली, "देल्मा, तू मागूनच बरी दिसतेस गं. अशीच येत जा."

"वास आला तेव्हाच कळलं वाट बरोबर आहे," देल्मा मान न वळवता म्हणाली.

कारंज्यासमोर दोन दारं, एक खाली निळं, एक जिन्यावर. एव्हारिस्त आईचं नाव घेत गोंधळून उभे राहिले. देल्माने पाठमोरीच सांगून टाकलं, निळं दार.

"निळ्या दारात माझी आत्या राहायची," निवेस म्हणाली. "लिबेराताची खोली जिन्यावरची."

"तुझ्या आत्याला स्वतःचं दार तरी कुठे सापडायचं? रोज शेजाऱ्याच्याच दारातून निघायची."

आता, आमच्याकडे पाठमोरं भांडता येत नाही. हात समोरच्याच्या नाकापर्यंत पोचावे लागतात. देल्मा गर्रकन वळली, दोन पावलं पुढे गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं. गल्लीच्याही लक्षात आलं. सगळे गप्प. मी आयुष्यभर अशा शांततेसाठी धडपडलो, मला ती कधी मिळाली नाही.

निवेसला तेव्हा जन्माचा सूड उगवता आला असता. ती फक्त म्हणाली, "वळलीच आहेस तर नीट बघ. जिना."

देल्माने बघितलं. "जिना," ती पुटपुटली, आणि म्हाताऱ्यांचा दंड धरून त्यांना वर घेऊन गेली. त्यांनी दारावर तळवा टेकवला, बराच वेळ. खाली येऊन ओंजळभर पाणी प्याले.

"कशी आहे चव?" देल्माने विचारलं.

"गंजाची." ते रडत होते आणि हसतही होते. "आई म्हणायची, स्वर्गाची."

"बेल्जियममधून तसंच वाटणार," निवेस म्हणाली.

बस थांबवून ठेवावी लागली.

संताने अजून तक्रार केलेली नाही. देल्मा आता प्रत्येक गटाला कारंज्यापर्यंत नेते, उलटीच चालत. "ओल, डास, घटस्फोट," ती सांगते, "आणि एक कारंजं." निवेस गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून दारात उभी असते, देल्मा कधी वळते ते बघत.