तळहातावरची किल्ली

माझा मामा किल्ल्या करतो. जिन्याखाली त्याचं दुकान. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली तर तिसऱ्याने रस्त्यावरच थांबावं. "ह्याला कुलूप म्हणायचं?" असा समोरच्याचा अपमान केल्याशिवाय त्याला किल्ली करताच येत नाही. स्वतःच्या दाराला त्याने स्वतः घडवलेलं कुलूप बसवलंय. मामीचं कमरेचं हाड मोडल्यापासून ती पलंगावरच असते, आणि त्या कुलपाच्या भरवशावर मामा तिला घरात एकटी ठेवून कामावर जातो.

म्हातारपणी त्याला नवा नाद लागला. कुलपांचे शौकीन फोनवर एका ग्रुपमध्ये जमतात. तिथे सगळ्यांची टोपणनावं, मामा 'कानस'. त्यातला 'खलाशी' त्याचा विशेष लाडका. हा खलाशी मामाची तोंडभरून स्तुती करायचा, आणि स्तुती ऐकली की आमचा मामा लोण्यासारखा वितळतो. समुद्रकाठी जेवायला भेटायचा बेत खलाशाचाच. दिवस त्याने ठरवला, हॉटेलही त्यानेच, आमच्या घरापासून गाडीने दोन तासांवरचं. "वहिनी येणार ना?" असंही त्याने विचारलं होतं. मामाने मामीच्या कमरेपासून ते शेजारी गावाला गेलेत इथपर्यंत सगळं सांगून टाकलं.

मला हे मुळीच आवडलं नव्हतं.

"मामा, त्या माणसाला कधी पाहिलंयस तरी का?"

"तू गाडी चालव. नसत्या शंका काढू नकोस."

हॉटेलच्या गच्चीत ग्रुपमधले दोघं आमची वाट बघत होते: एक निवृत्त शिक्षिका आणि एक घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ. माणसं साधी, गोड. दोघांनी मामाला नवरदेवासारखं मधोमध बसवलं. पाचवी खुर्ची रिकामी होती. वाऱ्याने टेबलावरचं कापड सारखं फडफडत होतं, आणि समुद्र ऊन असूनही काळपट दिसत होता. मासे आले, गार व्हायला लागले. खलाशाचा पत्ता नव्हता.

"तो तुमच्या ओळखीचा ना?" बाईंनी घड्याळवाल्यांना विचारलं.

"छे हो! मला वाटलं तुमच्या."

दोघांनी मामाकडे पाहिलं. मामाने माझ्याकडे.

घड्याळवाले विषय बदलायला म्हणाले, "पण कानसराव, तुमच्या दाराच्या किल्लीचा फोटो बघून मी थक्क झालो. काय त्या खाचा!"

"कुठला फोटो?" मी विचारलं.

मामाने मोठ्या कौतुकाने फोन पुढे केला. फोटोत त्याचा तळहात, त्यावर किल्ली, शेजारी एक नाणं.

"नाणं कशाला ठेवलंस?"

"खलाशी म्हणाला, नाणं ठेवा, म्हणजे किल्लीचा नेमका आकार..."

नुसत्या फोटोवरून किल्ली करून द्यायचं काम मामाने स्वतः कितीदा केलं होतं. जगाला अक्कल शिकवणाऱ्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं, कारण कुलूप त्याचं स्वतःचं होतं. मला त्याचा संताप आला, आणि त्याचा चेहरा बघून रडूही आलं.

त्याने मामीला फोन लावला. स्पीकर मी चालू केला.

"अहो, जेवलात का?" मामीचा आवाज अगदी रोजचा. "तुमचे ते मित्र आलेत बरं का. बोटीवर असतात ना, ते. उठता येत नाही मला, पण त्यांनीच दार उघडलं. किल्ली तुम्हीच दिलीत म्हणाले."

मामा खुर्ची मागे सारून उठला.

"माणूस चांगला वाटतोय हो. माझी उशीसुद्धा नीट करून दिली. थांबा, त्यांना बोलायचंय."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.

"कानसराव," पलीकडून एक हसरा आवाज म्हणाला, "सावकाश जेवा. यायला तुम्हाला दोन तास लागतीलच."