ओसाड टेकडीवरची करवंदं

पनवेलच्या बाजारात पानाच्या द्रोणातली करवंदं दिसली की मला आपट्याजवळची ती टेकडी आठवते. ओसाड आहे म्हणे! खाणवाल्याने सरकारला बिनदिक्कत तसं कळवलं होतं. पाहणीला येणाऱ्या साहेबांनी मान डोलावली की सुरुंग लागणार. खाणीला विरोध करायला मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन भाषणाच्या तयारीत होते, पण गावातल्या एका आजीने साहेबांना थेट रानआंब्याच्या सावलीत, काळ्या कातळावर बसवलं आणि करवंदं पुढे केली. "खायच्या आदी सांगा सायेब, कोंबडा का कोंबडी? आतून लाल तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी." साहेब म्हणाले, "कोंबडी." करवंद लालभडक निघालं. "हरलात! आता तुमीच तोडा." साहेब हट्टाला पेटले. या जाळीतून त्या जाळीत घुसत, हरत, हसत सगळी टेकडी चढून गेले. उतरले तेव्हा बाही काट्यांनी फाटलेली, ओठ जांभळे. आजी म्हणाली, "लिवा आता, हितं काय पण नाय." साहेबांनी ओठ पुसले आणि सगळ्यांसमोर पाहणीच्या कागदावरचं 'ओसाड' खोडलं. माझ्या पत्रकांचे द्रोण करून आम्ही उरलेली करवंदं संपवली. आजही कुणी एखाद्या रानाला ओसाड म्हटलं की मी वाद घालत नाही, फक्त विचारते, "तिथलं करवंद खाल्लंत का?"