वर्गाच्या खिडकीसमोरची रिक्षा

अल्ताफ मुजावर राजारामपुरीतल्या स्टॉपवर वीस वर्षं रिक्षा लावत होता. पलीकडच्या गल्लीतल्या पॅसेंजरला इथून हाक मारावी, असा त्याचा आवाज. घरात पाऊल टाकलं की मात्र तो आवाज आपोआप खाली यायचा. नऊ वर्षांची इरम ही त्याची एकुलती एक पोर. तिला शाळेची इतकी हौस की रविवारीसुद्धा दप्तर भरून ठेवायची.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी इरम शाळेत असताना तिच्या आईच्या, हाफिजाच्या, पोटात कळा सुरू झाल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत अपेंडिक्स फुटलं होतं. तातडीनं ऑपरेशन झालं, वर आठवडाभर अतिदक्षता विभाग. दुपारी इरम घरी आली आणि तिनं अम्मी कुठाय म्हणून विचारलं, तेव्हा अल्ताफ सांगून बसला की अम्मी चंदगडला नानीकडं गेलीय. एवढ्याशा पोरीला नळ्या आणि टाके कुठल्या तोंडानं सांगायचे? खरं तर त्याचा स्वतःचाच धीर सुटला होता.

बाराव्या दिवशी हाफिजा घरी आली आणि महिन्याभरात हिंडू-फिरू लागली. तेवढ्यात इरमचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी, गणवेश अंगावर चढला की. शाळेची वेळ टळली की दुखणं गायब. सोनोग्राफीत काही निघालं नाही. दर्ग्यात जाऊन दोरा बांधून आणला, त्यानंही फरक पडला नाही. स्टॉपवरचा रिक्षावाला पिराजी म्हणाला, नाटकं हायत सगळी, दोन दणके घाल.

एका सोमवारी अल्ताफनं तिला उचलून रिक्षात बसवलं. शाळेच्या फाटकाशी तिनं दोन्ही हातांनी रिक्षाचा दांडा धरला. अल्ताफ एकेक बोट सोडवत होता, ती पुन्हा धरत होती. शेवटी त्याचा हात उठला. आयुष्यात पहिल्यांदाच. इरम रडली नाही, दांडा मात्र तिनं सोडला नाही. तो तिला तसाच घरी घेऊन आला. त्या दिवशी त्यानं एकही पॅसेंजर घेतला नाही.

लहान मुलांच्या डॉक्टरांनी त्यांना राजारामपुरीतच संयोगिता मॅडमकडं पाठवलं. त्या मुलांच्या समुपदेशक होत्या. त्यांची खोली होती त्या इमारतीपाशी अल्ताफनं आजवर कितीतरी लोकांना सोडलं होतं, आणि ही माणसं एवढी खाली मान घालून का उतरतात, असं त्याच्या मनात यायचं. आता स्वतःची रिक्षा त्यानं एक गल्ली सोडून लावली आणि चालत गेला.

पहिल्या दोन खेपांना इरम नुसती चित्रं काढत बसली. तिसऱ्या खेपेला बोलली. मग तिला विचारूनच मॅडमनी आईबापाला आत बोलावलं.

"तू मला सांगितलंस ते अब्बांना सांगशील?"

इरम खाली बघत म्हणाली, "मी शाळंत गेलतो. घरी आलो तर अम्मी न्हवती. अब्बा म्हणाले, चंदगडला गेली. मग चार दिसांनी नानीच चंदगडस्नं एसटीनं आली. एकटीच. मी विचारलं, अम्मी कुठाय? नानी म्हणाली, दवाखान्यात की."

नानीनं असं सांगून टाकलंय हे अल्ताफला ठाऊकच नव्हतं. सासूबाईंना काही सांगून ठेवायचं त्याला त्या गडबडीत सुचलंच नव्हतं. आणि पोरीनं उरलेले आठ दिवस त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं. अम्मी मेली असेल आणि अब्बा सांगत नसतील, असं धरून ती एकटीच बसली होती. अम्मी परत आली तरी आपण शाळेत गेलो की घरचं माणूस नाहीसं होतं, ही भीती तिच्या मनातून गेली नव्हती.

"लेकराला घाबरवायचं न्हवतं, मॅडम," तो म्हणाला.

"कळतंय मला," मॅडम म्हणाल्या. "पण ती घाबरलीच. फक्त एकटी घाबरली."

त्या दिवशी घरी आल्यावर अल्ताफ इरमसमोर खाली बसला. मी खोटं बोललो, ते चुकलं, आणि हात उचलला ते त्याहून चुकलं, असं त्यानं तिला सांगितलं. बाप असून असं बोलताना त्याचा जीव केवढासा झाला ते हाफिजा दारातून बघत होती. इरमनं विचारलं, "तुम्ही पण भ्यालतासा?" तो व्हय म्हणाला.

मग मॅडमच्या सांगण्यावरून शाळेची परवानगी काढून अल्ताफनं रिक्षा वर्गाच्या खिडकीसमोर लावायला सुरुवात केली. पहिला आठवडा फक्त एक तास शाळा. इरम दर पाच मिनिटांनी मान वळवायची, अल्ताफ हात वर करायचा. नंतर अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस. पुढं रिक्षा फाटकाशी गेली, तिथून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी. कुठं उभा राहणार ते तो आदल्या दिवशीच सांगायचा आणि तिथंच उभा राहायचा. ऐन शाळेच्या वेळची गिऱ्हाइकं पिराजीकडं जायची. पिराजी आधी हसला, नंतर दुपारी अल्ताफसाठी चहा घेऊन यायला लागला.

सरळ सगळं झालं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पोट पुन्हा दुखलं, रिक्षा पुन्हा खिडकीशी आली. अल्ताफचा त्या दिवशी धीर खचला. मॅडमनी फोनवर समजावलं की मागं येणं म्हणजे हरणं नव्हे. यावेळी मात्र आठ दिवसांतच इरमनं स्वतः सांगितलं, अब्बा, आता स्टॉपवर जावा.

फेब्रुवारीत हाफिजाच्या टाक्यांच्या जागी हर्निया निघाला. छोटं ऑपरेशन करायचं ठरलं. यावेळी दोघांनी आदल्या दिवशी इरमला शेजारी बसवून सगळं सांगितलं. तिनं तीनच प्रश्न विचारले. दुखणार का, किती दिवस, आणि मी कधी भेटायचं. सकाळी गणवेश घालून गेली. मधल्या सुट्टीत बाईंच्या फोनवरून तिनं अल्ताफला फोन लावला.

"अम्मीला शुद्ध आली?"

बरी हाय, काळजी करू नको, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"अजून न्हाय. डॉक्टर म्हणत्यात तासाभरात येईल."

"बरं," इरम म्हणाली. "मग मी डबा खातो."

आता ती चौथीत आहे. एखाद्या सोमवारी पोट अजून दुखतं. अशा सकाळी अल्ताफ तिच्याशी वाद घालत नाही, काय वाटतंय ते विचारतो आणि उत्तर येईपर्यंत रिक्षा चालू करत नाही.