दिसलं तेवढंच लिहिणारा पोलीस

आमच्या शेजारचे गृहस्थ मूळचे नेदरलँड्सचे. त्यांची सगळी नोकरी तिकडे पोलिसात झाली. बायको आयरिश, इथल्या गॉलवेची, म्हणून निवृत्तीनंतर दोघं इथे आले, आणि त्यांनी रहस्यकादंबरी लिहायला घेतली. तीही इंग्रजीत. "डचमध्ये लिहिली तर घरातला एकुलता एक वाचक जाईल," असं ते म्हणायचे.

डब्लिनच्या एका छोट्या प्रकाशकाने ती दोनदा परत केली होती. २०१६च्या वसंतात त्याने कळवलं की अजून एकदा वाचू, पण शेवटचं. "या वेळी परत आली तर मी लिहिणं सोडून टोमॅटो लावीन," ते मला कुंपणापाशी म्हणाले. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण त्या आठवड्यात त्यांनी हिरवळ दोनदा कापली.

मी वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. आकडा जुळला नाही तर मला पुढे वाचवत नाही. हे ठाऊक असल्याने त्यांनी कागदांचा गठ्ठा माझ्याकडे दिला. पहिल्याच प्रकरणात संशयित स्लायगोहून गॉलवेला सव्वा तासात पोचत होता. मी समासात लिहिलं, दोन तास तरी धरा, पुढे ट्रॅक्टर लागला तर जास्त. सोमवारी मेलेला एक जण मंगळवारी दूध आणायला गेला होता. असं बरंच सापडलं. त्यांनी सगळं सुधारलं आणि पुस्तक आता तयार आहे, असं मी त्यांना मनापासून सांगितलं.

मग ते माझ्या बायकोने वाचलं.

"अहो, हे पुस्तक आहे की पंचनामा?"

"पंचनामा चोख आहे," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय. नवरा गेल्याचं कळल्यावर ती बाई काय करते? तर 'तिने माहितीची नोंद घेतली.' मी नोंद घेईन का?"

"तू आधी इन्शुरन्सचे कागद शोधशील."

"शोधीन. पण रडत शोधीन."

रविवारी ते चहाला आले. चिवड्याचा डबा पुढे केला की ते एक चमचा घेत आणि झाकण स्वतःच लावत. ती त्यांच्याकडची रीत आहे हे कळेपर्यंत बायकोला वाटायचं, चिवडा बिघडला असणार. आडवळणाने बोललेलं त्यांना कळत नसे, म्हणून तिने सरळच सांगितलं, "तुमच्या पुस्तकात कुणाला काही वाटतच नाही."

"वाटलेलं मला दिसत नाही," ते म्हणाले. "कोर्टात शपथेवर सांगता येईल तेवढंच मी लिहीत आलो."

"मग दिसलेलंच लिहा. तुम्ही स्वतः कधी कुणाच्या घरी अशी बातमी घेऊन गेला होतात का?"

त्यांनी कप बाजूला सारला. मग त्यांनी सांगितलं. मुलगा अपघातात गेला होता आणि आईला कळवायचं होतं. तिने दार उघडून 'या' म्हटलं. हे पायपुसण्यावर बूट पुसत राहिले. बूट कोरडे होते. पाऊस नव्हता, चिखल नव्हता, तरी यांचं पुसणं थांबेना. बाईने बुटांकडे पाहिलं आणि ती तिथेच दारात खाली बसली. यांना तोंड उघडावं लागलं नाही.

"रिपोर्टात काय लिहिलंत?" मी विचारलं.

"कुटुंबीयांना कळवलं."

 त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि ते घरी गेले. पुढचे काही महिने ते कुंपणापाशी फारसे दिसले नाहीत. हिरवळ वाढत गेली. सगळं पुन्हा लिहून त्यांनी पुस्तक पाठवलं.

शरद ऋतूत प्रकाशकाचं उत्तर आलं: पुस्तक घेतो, पण एक तृतीयांश कापा. ते गठ्ठा घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात आले आणि बायकोला म्हणाले, "कोणती पानं काढायची, तुम्ही सांगा."

तिने भराभर पानं बाजूला काढली. मी सर्वांत जास्त दुरुस्त केलेली पानंच आधी गेली, स्लायगोच्या रस्त्यासकट. मी हरकत घेतली नाही. फक्त एवढंच म्हटलं, की इतकं काढल्यावर वार-तारखा पुन्हा चुकणार, ते शेवटी एकदा मला बघू द्या.

"अर्थात," ते म्हणाले, आणि उरलेली पानं मोजून माझ्यापुढे सरकवताना पहिल्यांदाच मोठ्याने हसले.