वडाकडे पाठ

कुंभारीच्या माळावर एक मेंढपाळ वडाची सावली सोडून, झाडाकडे पाठ करून भर उन्हात बसला होता. मला वेडाच वाटला. मी दुर्बिणीतून फांदीवरचा भलामोठा राखाडी पक्षी बघत होतो आणि पुस्तकात त्याचं नाव शोधत होतो. चोचीत फळ धरून तो नुसता बसून होता.

"नाव मला ठावं न्हाय," मेंढपाळ म्हणाला, "पर त्येची मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसलीया. तुमी बगत असल्यावर त्यो घास द्यायला जात न्हाय. ती उपाशी ऱ्हाती की."

म्हणजे धनेश! पुस्तक मिटून मीही त्याच्याशेजारी पाठ फिरवून बसलो. ऊन भाजत होतं. बऱ्याच वेळानं मागं पंख फडफडले. मान न वळवताच तो हसला.

"जेवली," म्हणाला.